एका तासाची लेन्स

बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई, हात हलका, जीभ मात्र तिखट. गिऱ्हाइकाने चष्मा उघडाच खिशात कोंबलेला दिसला की त्याची काही खैर नसे. आणि अशा बाईच्या स्वतःच्या घरात तिचे बाबा चाचपडत फिरायचे. ही गोष्ट तिच्या जिवाला कायमची लागून राहिली होती.

बाबा शिंपी. तिशीच्या सुमारास त्यांच्या डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होत होत टोकदार झाला. अशा डोळ्याला चष्मा लागू पडत नाही. एका दिव्याचे चार दिवे दिसतात, माणसाच्या चेहऱ्याला दुसरा चेहरा चिकटलेला दिसतो. त्या काळी त्यांनी कडक लेन्स लावून पाहिली होती, पण ती डोळ्यात खड्यासारखी टोचायची, तेव्हा एके दिवशी वैतागून त्यांनी ती मोरीत फेकली. काम मात्र सोडलं नाही. कापड नाकाशी धरून, बोटांच्या अंदाजाने शिवायचे. सुई आई ओवून द्यायची, टेपवरचे आकडे आई वाचायची, रस्त्यात समोरून कोण येतंय तेही तीच हळूच सांगायची. दोघं इतकी बेमालूम चालायची की बाबांना दिसत नाही हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

आई त्याचीही थट्टा करायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मला बरंय बाई, यांच्या लेखी मी अजून तिशीतच आहे. त्यावर बाबा म्हणायचे, आवाज तर तिशीतलाच आहे, मग चेहरा कसा बदलेल?

मग आईने अंथरूण धरलं. दुखणं पोटातलं होतं आणि आता पोटापुरतं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मेवालीला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. आईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने लेकीकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली, आपल्याला किती दुखतंय ते बाबांना कळू द्यायचं नाही. कळ आली की ती ओठ घट्ट मिटायची, कपाळावर आठ्यांचं जाळं व्हायचं, आणि कळ ओसरताच पलंगाशी बसलेल्या बाबांना हसऱ्या आवाजात विचारायची, "जेवलात का नीट?" बाबा खूश व्हायचे. आज हिला बरं वाटतंय, असं लेकीला सांगायचे. चष्मेवाली मान हलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडायची.

त्याच दिवसांत बाबांनी हट्ट धरला. हिला एकदा नीट बघायचंय. एवढी डोळ्यांचं शिकलेली पोर घरात आहे, कर की काहीतरी.

करण्यासारखं होतं. मोठी, घुमटासारखी एक लेन्स असते, ती टोकदार पडद्याला स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधे सलाईनचं खारं पाणी भरलेलं असतं, म्हणून टोचत नाही. पण ती बसवणं हे वेगळं शास्त्र. नुसत्या मऊ लेन्स विकणाऱ्या चष्मेवालीला ते येत नव्हतं. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं पुढचं प्रशिक्षण चालायचं. तिने रोज दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचं ठरवून नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं नुकती मिसरूड फुटलेली किंवा वेण्या सोडलेली. ती हिला मावशी म्हणू लागली. लेन्स घालण्याचा सराव एकमेकांच्या डोळ्यांवर करायचा असायचा. लेन्सची वाटी सलाईनने काठोकाठ भरायची, समोरच्याने तोंड जमिनीकडे करायचं, आणि खालून ती अलगद वर न्यायची. एक बुडबुडा राहिला की काढा, पुन्हा घाला. पहिल्या दिवशी ती लालभडक डोळे घेऊन घरी आली तेव्हा आईने विचारलं, शिकायला गेली होतीस की रडायला?

सरावासाठी खरा पेशंट आणायचा दिवस आला, तेव्हा ती बाबांना घेऊन गेली. चाचणीच्या पेटीतल्या लेन्स घालून, वर नंबराच्या काचा धरल्यावर बाबा तक्त्यावरची अक्षरं खालपर्यंत वाचत गेले. मग मान वळवून लेकीकडे बघत राहिले. "तुझे केस पांढरे झाले की गं," ते म्हणाले. वर्ग हसला. चष्मेवालीही हसली. त्या लेन्स दवाखान्याच्या होत्या, त्या काढून घेतल्या गेल्या. बाबांच्या मापाची जोडी बनून यायला वेळ लागणार होता.

जोडी आली तेव्हा आईचं जेवण जवळजवळ सुटलं होतं. चष्मेवालीने बाबांना दुकानात बसवलं, स्वतःच्या हाताने लेन्स घातल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्ही डोळ्यांत लेन्सची कड रुतत होती. कडेखालच्या नसा दबून पांढऱ्या पडल्या होत्या. शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात पुन्हापुन्हा बजावलं होतं, कड रुतणारी लेन्स घालून पेशंटला कधीही दाराबाहेर पाठवायचं नाही.

"मला दिसतंय," बाबा म्हणाले. "समोरच्या दुकानाची पाटी वाचू?"

"बाबा, कड रुततेय. परत पाठवून नीट करून घेते."

"एक तास दे. घरी जातो, तिला बघतो, आणि परत येतो. मग काढ."

एका तासाने डोळ्याचं फारसं काही बिघडलं नसतं. हे तिला तेव्हाही आतून कळत होतं. पण नियम नुकता शिकलेला, लेन्स आयुष्यातली पहिली, आणि डोळे बाबांचे. शिवाय घरी आई अंथरुणात तशी पडलेली. बाबांनी तिला तसं बघावं की नाही, हाही विचार तिच्या मनाला शिवून गेला असेल. तिने चिमुकल्या रबरी पंपाने लेन्स काढल्या आणि डबीत ठेवल्या. वाटेत बाबांनी तिचा हात धरला नाही, भिंतीला धरून चालले. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, बरं केलंस, येऊ देत नीट.

दुसरी जोडी यायच्या आत आई गेली. भर दुपारी, बाबांच्या हातात हात असताना. श्वास थांबलेला त्यांना हातावरून कळला. चेहऱ्यावरून कळणं शक्यच नव्हतं.

जोडी आली आणि दुकानाच्या खणात पडून राहिली. ती घरी न्यायचा चष्मेवालीला धीर होईना. शेवटी बाबाच एका सकाळी भिंतीच्या आधाराने दुकानात आले आणि खुर्चीत बसून आपणहून मान खाली घातली. तिने लेन्स घातल्या. त्यांनी डोळे मिचकावले, दुकानभर नजर फिरवली, आणि म्हणाले, तिचा शेवटचा फोटो दाखव.

तिच्या मोबाईलमध्ये एकच होता. बाबा आईला चमच्याने भरवतायत, म्हणून कौतुकाने काढलेला. दाखवू नये असं वाटत असतानाच तिने तो त्यांच्या हातात दिला.

बाबा खूप वेळ बघत राहिले. त्यांनी दोन बोटांनी आईचे मिटलेले ओठ आणि कपाळावरच्या आठ्या मोठ्या करून पाहिल्या, मग चित्र पुन्हा लहान केलं.

"किती म्हातारी झाली होती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मी हसतोय इथे. हिला दुखतंय आणि मी हसतोय."

चष्मेवालीने लेन्सच्या रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

"रोज असं दुखायचं?"

"रोज."

"तुला दिसत होतं."

"हो बाबा. तिने शपथ घातली होती."

त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला. आवाज चढला नाही. "त्या दिवशी एक तास दिला असतास, तर निदान त्यानंतर तरी मी तिच्यासमोर हसलो नसतो गं."

लेन्स काढू का, असं तिने विचारलं. राहू दे, अजून बघायचंय, असं म्हणून त्यांनी मोबाईल पुन्हा उचलला. मग काहीच सुचेना, म्हणून तिने शिकवल्याप्रमाणे त्यांची हनुवटी पट्टीवर टेकवली आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नसा लाल होत्या, पांढरी एकही नव्हती. कड कुठेच रुतत नव्हती. लेन्स अगदी नीट बसली होती.