पेंढ्याचं रेडकू

मावशीच्या म्हशीचं रेडकू गेल्या आठवड्यात मेलं. आज सकाळी धारेच्या वेळी मावशीने त्याच्याच कातड्यात पेंढा भरून केलेलं रेडकू गोठ्यात आणलं आणि म्हशीच्या तोंडापुढे उभं केलं. म्हैस ते चाटू लागली आणि बघता बघता तिला पान्हा फुटला. मला संतापच आला.

"मावशी, फसवतेस तू तिला!"

"तिला कळतंय की गं," धार काढता काढता मावशी म्हणाली. "पण पान्हा काय तिचं ऐकतो होय?"

दुसरा संसार थाटलेला माझा नवरा अधूनमधून लेकीला भेटायला येतो. त्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही, असं मी दरवेळी ठरवते. आणि तो चपला काढेपर्यंत माझ्या गॅसवर चहा उकळत असतो, आलं जास्त, साखर कमी, त्याला लागतो तस्सा. त्याने मला एकदाच फसवलं. माझे हात दरवेळी फसवतात.

चरवी भरली. मावशीने पेंढ्याचं रेडकू काखेत मारलं आणि ती निघाली. सगळं कळत असलेली म्हैस त्याच्यामागे रेकत राहिली.