स्वच्छ पायांचा गुरुवार

मला किळस फार पटकन येते. चहावरच्या सायीची येते, ओल्या सतरंजीची येते. पण सगळ्यात जास्त येते ती माइक हातात धरून “मी तर धुळीचा कण” असं म्हणणाऱ्या माणसांची. आमच्या मंडळीत असे धुळीचे कण पुष्कळ आहेत. एकदा साक्ष द्यायला उभे राहिले की माइक सोडत नाहीत.

नवापूरच्या अलीकडे आमचं गाव आणि गावात आमचं पत्र्याचं चर्च. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी इथे पाय धुण्याची रीत आहे. प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात आणि मग प्रभुभोजन होतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. रीत चांगली आहे. तिची वाट आमच्याच लोकांनी लावली.

ती अशी, की निवडलेली माणसं घरूनच पाय धुऊन येतात. नुसते धूत नाहीत, टाचा दगडाने घासतात, नखं कापतात, वर खोबरेल चोपडतात. एका बाईंनी तर नेलपॉलिश लावलं होतं. पाळकसाहेबांना घाण वाटू नये, आणि आता व्हिडिओ निघतो त्यात पाय बरे दिसावेत. ही शिस्त घालून दिली महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि सगळे त्यांना काकू म्हणतात.

यंदा बारा जणांत माझी आई होती. पाळकसाहेबांनीच तिचं नाव घेतलं होतं. आई कोंबड्यांच्या शेडवर कामाला जाते. पक्षी विकले गेले की खाली उरलेला भुसा आणि विष्ठेचा थर फावड्याने खरवडून काढायचा, हे तिचं काम. तो वास डोळ्यांत झोंबतो, केसांत बसतो, साबणाला दाद देत नाही. चर्चमध्ये बायका तिच्यापासून सरकून बसायच्या. काकू तर पदर नाकाला लावायच्या, वर “प्रभू सर्वांचा आहे” हेही म्हणायच्या. शेवटी आईने येणंच सोडलं. घरी प्रार्थना करायची, पण चर्चची पायरी चढायची नाही. पाळकसाहेबांनी बोलावलं म्हणून त्या गुरुवारी ती पुन्हा आली. आज दुखावली तर कायमची जाईल, हे मला माहीत होतं.

ती पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. काकू आल्या, खाली वाकल्या आणि तोंड वाकडं करून सरळ झाल्या.

“तुन्हा पाय देख ना बाई! घरथीन धुईसन येवाले काय व्हयनं?”

“धुयेल शेतस बाई,” आई म्हणाली. ती खरंच धुऊन आली होती. “निंघतच नही.”

“पाळकसाहेब ह्या पाय हातमा लेतीन का?”

आई उठली. मागे दारापाशी जाऊन उभी राहिली. पाळकसाहेब आत झगा घालत होते. ते बाहेर आले तेव्हा त्या खुर्चीवर काकूंची सून बसलेली होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा व्हिडिओवाल्याकडे, आणि घंगाळ मागितलं. पाळकसाहेबांचीही मला किळस आली.

घंगाळ धरायचं काम माझ्याकडे होतं. बारा जणांचे पाय धुऊन झाले तरी पाणी तसंच नितळ. वर थोडा खोबरेलाचा तवंग, बस्स. काय धुतलं मग? पुढे काकूंचं बोलणं सुरू झालं, आपण किती पापी आहोत आणि किती नम्र व्हायला हवं. मी ते घंगाळ उचललं आणि बाहेर ओतायला गेले.

आई पायरीवर बसून चपला घालत होती. “मी जाते,” म्हणाली.

“बस,” मी म्हटलं, आणि तिच्या चपला दूर भिरकावल्या.

तिचे पाय मी त्याच पाण्यात घेतले. भक्तीने नाही, संतापाने. टाचांच्या भेगांत काळं बसलेलं, बोटांच्या बेचक्यांत पांढरट कुजलेलं. वास वर आला आणि मला उमळून आलं. मान फिरवून मी घासत राहिले. पाणी काळं झालं. आईला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली. घरच्या बोलीत म्हणाली, घासायचंय तर नीट जोरात घास.

मग मी तिला हाताला धरून आत नेलं आणि बायकांच्या पहिल्या रांगेत, मुद्दाम, काकूंच्या शेजारी बसवलं. काकूंच्या दुसऱ्या बाजूला मी घुसले. त्यांना नाक झाकून कुठे पळता येऊ नये म्हणून.

शहरातल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला आता ज्याचे त्याचे छोटे ग्लास आलेत. आमच्याकडे अजून एकच प्याला फिरतो. पाळकसाहेब रांगेने येत आईपाशी थांबले. आईने डोळे मिटून घोट घेतला. प्याला काकूंकडे आला. काकूंनी रुमाल काढला, आईचे ओठ लागले होते ती कड पुसली, पुन्हा पुसली, आणि मग प्यायल्या.

आता माझी पाळी. काकू मशेरी लावतात. त्यांचे ते काळे दात, ओठांच्या कोपऱ्यातला तपकिरी ओघळ, आणि कडेवर उमटलेला तसाच ओला डाग. मी पदराचं टोक हातात घेतलं. सगळ्यांना दिसेल असं पुसणार होते, खसाखसा.

आई माझ्याकडे बघत होती. खूण नाही, विनवणी नाही. मी काय करते एवढंच बघत होती. मी पुसलं असतं तर त्या दिवसापासून आमच्या रांगेत प्याला पुसायची रीत पडली असती, आणि मग आई पुन्हा कुणाच्या आधी प्यायली नसती.

मी पदर सोडला. त्याच कडेला ओठ लावले. रस गोड होता आणि त्याला तंबाखूचा वास होता. थुंकावंसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते किळसेचंच.

मी गिळलं.