पाटीवरचा तारा

अमळनेरच्या एका जिनिंगच्या काट्यावर लोटननं सत्तावीस वर्षं कापसाच्या गाड्या तोलल्या. भरली गाडी तोलायची, पाटीवर लिहायचं. रिकामी तोलायची, वजा करायचं, निव्वळ वजन मोठ्यानं सांगायचं आणि पाटी पुसायची. मागची गाडी खोळंबलेलीच असे. असा माणूस एकदा कॉलेजातल्या पितांबर सरांना विचारून बसला, की ताऱ्याचं वजन कोणत्या काट्यावर करता?

सर हसले नाहीत, तेच त्याच्या मुळावर आलं. दोन पोरी फुगडी घालतात तेव्हा जड पोर जागच्या जागी फिरते, हलकी लांबून. जोडतारेही एकमेकांच्या ओढीनं तसेच फिरतात, असं त्यांनी समजावलं. दोघांमधलं अंतर आणि फेरीचा काळ कळला की वजन निघतं. आख्ख्या दीर्घिकाही अशाच, ओढीवरून तोलतात. दक्षिणेला क्षितिजालगत ‘मित्र’ नावाचा जोडतारा आहे. त्याची फेरी ऐंशी वर्षांची, आणि येत्या काही वर्षांत ते दोघे अगदी जवळ येऊन झपाट्यानं वळणार होते.

१९५० पासून सात उन्हाळे लोटन सरांची पितळी दुर्बीण घेऊन घराच्या धाब्यावर बसला. गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. पुढे काचबिंदू झाला, जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तरी हा एका डोळ्यानं रेटतच राहिला. नजर जायच्या आत एक तारा तोलून तो कुठंतरी नोंदला जावा, एवढंच त्याला हवं होतं.

सत्तावन्न साली नजर गेली. त्याआधी उत्तर निघालं होतं: दोघांचं मिळून वजन दोन सूर्यांएवढं. सरांनी ते एका वेधशाळेला पाठवलं.

आलेलं पत्र सरांनी घरी येऊन वाचून दाखवलं. आकडा बरोबर होता. इतका बरोबर, की तो पुस्तकातून उतरवलेला नाही कशावरून, असं वेधशाळेनं विचारलं होतं. रोजची मूळ मोजमापं पाठवा, मग नोंद घेऊ.

मूळ मोजमापं कुठली असायला? लोटन रोजचं माप पाटीवर लिहायचा, आधीच्या आकड्यांशी सरासरी काढायचा आणि जुनं पुसलं जायचं. वहीत उतरवायचा तो वर्षाकाठी निव्वळ हिशेब. सात वर्षांच्या सात ओळी. सरांनी कपाळाला हात लावला. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"सर, मी चोर नही," लोटन म्हणाला. "मी तोलेल शे."

ते दोन तारे पुन्हा इतके जवळ कधी येतील, असं त्यानं विचारलं. सरांनी खालच्या आवाजात ऐंशी वर्षं सांगितली. तेव्हा मात्र तो पोरासारखा रडला. मग बायकोला, वच्छलाबाईला, पाटी आणायला सांगून त्या पाटीवर बोटं फिरवत बसला. खडूचा एखादा कण तरी लागेल म्हणून कोपरेन् कोपरा चाचपला.

पाटी देऊन वच्छलाबाई दाराशीच थबकली होती. रोज सकाळी पाटी पुसायचं काम त्यानंच तिला लावून दिलं होतं. सवयीनं तिनं ती आज सकाळीही ओल्या फडक्यानं पुसली होती.