पूर्वेकडे तोंड केलेले शेठ

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी चुनीलाल शेठ स्मारक समितीच्या खात्यावर ४,८६,३५० रुपये जमा होते. मी समितीचा खजिनदार. शेठ खांडबाऱ्यातले सिमेंट-लोखंडाचे व्यापारी आणि दोन वेळा जिल्हा परिषदेचे सदस्य. चौथरा बांधून त्यावर पुतळा बसवायला आम्ही गावातलाच गवंडी घेतला, सॅम्युअल गावित.

सॅम्युअलने चाळीस वर्षांत घरे थोडी बांधली, कबरी फार. आसपासच्या ख्रिस्ती पाड्यांत कुणी गेले की निरोप त्याला यायचा. घरच्यांकडे पैसे नसले तर तो शेठच्या दुकानासमोर जाऊन उभा राही. शेठ काही न विचारता सिमेंटची गोणी उधार देत. कबरीच्या गोणीवर त्यांनी कधी नफा लावला नाही. स्मारकाचे काम मिळाले तेव्हा सॅम्युअल बायकोला, रिबेकाला म्हणाला, "लोक हसतमुखाने बघतील असं एक तरी काम होऊ दे माझ्या हातून."

काम झाल्यावर एका शुक्रवारी सकाळी आम्ही पुतळ्यावरची ताडपत्री काढली. शेठची पाठ हमरस्त्याकडे होती. रविवारी अनावरण, आणि मांडव रस्त्याच्या बाजूला.

अध्यक्ष पितांबरभाऊ ओरडले, "सॅम्युअल, तू पुतळा बसाडा का कबर बांधी? पाहुणा काय शेठनी पाठले हार घालतीन?"

"हाताची सवय, भाऊ. आमच्यात कबरीत माणसाचं तोंड पूर्वेलाच ठेवतात." मग खाली बघत तो म्हणाला, "फोडतो मी. फिरवून देतो. मजुरी नका देऊ."

पुतळ्याचे गज काँक्रीटमध्ये पक्के बसले होते. फोडताना तडा गेला असता, हे त्यालाही कळत होते. त्याने छिन्नी लावली, पण हातोडा काही उचलेना.

तेवढ्यात शेठच्या पत्नी पार्वतीबाई आल्या. वळसा घालून त्या पूर्वेला, बाजाराच्या मैदानाकडे गेल्या. पुतळ्यासमोर थांबून पदर नीट केला.

"दुकानमा बी शेठ असाच बसेत, बाजारकडे तोंड करीसन. रस्तावर कितली बी मोठी मोटर येवो, मान नहीं फिरावेत." मग पितांबरभाऊंना म्हणाल्या, "तू मांडव फिराव. त्यासले नको फिरावू."

"आनी पाहुणा, काकू?"

"पाहुणासले पाय शेतस ना! येतीन फिरीसन."

मांडव फिरवला. चौथऱ्याच्या पायऱ्या मात्र रस्त्याकडे होत्या. सॅम्युअलने शनिवारी दिवसभर खपून पूर्वेला दोन नव्या बांधल्या. रविवारी हार घालून झाल्यावर तो रिबेकाला पुतळा सोडून त्या पायऱ्याच दाखवत होता.

त्याची मजुरी मी पूर्ण दिली. नव्या पायऱ्यांसाठी सिमेंटची एक गोणी त्याने स्वतः आणली होती. पावतीशिवाय मला रक्कम काढता येत नाही, आणि पावती मागितली की तो "आणतो, साहेब" म्हणतो आणि आणत नाही. सॅम्युअल गावित यांचे ३८० रुपये समितीकडून देणे बाकी आहे.