सहा नंबरची खुर्ची

कॉलेजात शिकवायला लागल्यावर कितीतरी दिवस इदालिना फुर्तादो आपली गाडी विद्यार्थ्यांच्याच मैदानात लावत होती. शिक्षकांसाठी इमारतीला लागून जागा होती, पण सकाळी फाटकातून आत शिरलं की गाडी आपसूक डावीकडे, लांबच्या खडीच्या मैदानाकडे वळायची. तिथून क्लिनिकपर्यंत चालत येताना बंदरावरचं धुकं अंगावर यायचं आणि पायांना जुनी घाई आठवायची. दारात पोचल्यावर तिच्या ध्यानात येई, की आता उशीर झाला तरी तिला बोलणारं कुणी नाही. उशिरा येणाऱ्यांना बोलायचं काम आता तिचंच होतं.

अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या या कॉलेजात परत आलेली माणसं जागोजाग सापडतात. बॉयलर सांभाळणारा इथंच शिकला, कँटीनमधली बाई इथंच शिकली, फोन उचलणारी कॉरीन तर दोनदा शिकली. इदालिना इथं पहिल्यांदा आली ती मासे कापायच्या कारखान्यातून, सकाळची पाळी उरकून. कॉडचा वास केसांत राहू नये म्हणून ती लिंबानं डोकं धुवायची, तरी वास राहायचाच. दात स्वच्छ करायची विद्या शिकून ती बाहेर पडली आणि आठ वर्षं एका डॉक्टरकडे चांगल्या पगारावर राहिली. मग या हिवाळ्यात तिच्या जुन्या शिक्षिकेचा, मिसेस हॅझलटन यांचा फोन आला.

"मला क्लिनिकात शिकवायला कुणीतरी हवंय. हुशार बाया पुष्कळ मिळतील. पहिल्या दिवशी हात कसे थरथरले होते ते आठवत असेल, अशी हवी."

"ते मला आठवतंय," इदालिना म्हणाली.

तूर्त एका सत्रापुरतं ठरलं. सप्टेंबरपासून कायमचं यायचं की डॉक्टरकडेच राहायचं, याचं उत्तर तिनं अजून दिलं नव्हतं.

या अभ्यासाचा एक रिवाज बाहेरच्यांना विचित्र वाटतो. पेशंट विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून आणायचा. त्यातही निरनिराळी तोंडं हवीत, आणि निदान एक तरी असं, की ज्यात वर्षानुवर्षांचं किटण दगडासारखं चिकटलंय. असं तोंड म्हणजे सोन्याची खाण. शेवटच्या वर्षाच्या मुली बेकरीत, लाँड्रीत, चर्चच्या जेवणात लोकांना हसवत फिरतात, दात दिसावेत म्हणून. एकीनं म्हणे लग्नात नवरदेवाच्या मामाला तीनदा नाचायला नेलं होतं.

दिल्मा रेझेंदेस या मुलीचं एवढं एकच काम उरलं होतं. वय सव्वीस, घरी लहान मुलगी, सकाळी तीच मासे कापायची पाळी. मे महिना, क्लिनिकचा शेवटचा दिवस. आज जड किटणाचं निदान अर्धं तोंड तिनं पुरं केलं नाही, तर तिला पदवी मिळणार नव्हती; पुन्हा एक वर्ष थांबायचं. पण ती निश्चिंत होती. तिनं आपल्या तियोंना, म्हणजे काकांना, तयार केलं होतं. तियो झेफेरिनो शिंपल्यांच्या बोटीवरचे निवृत्त आचारी; वीस वर्षांत डॉक्टरला दात दाखवलेले नाहीत, दिवसभर पाइप आणि गोड कॉफी.

तियो आले ते रविवारचा कोट घालून, टाय बांधून. सहा नंबरच्या खुर्चीत राजासारखे बसले. विद्यार्थिनी असताना इदालिनाची खुर्चीही हीच होती. तिनं दिवा खाली ओढला, आरसा आत धरला आणि थांबली. खालच्या दातांमागं पाहिलं, वरच्या दाढांबाहेर पाहिलं.

"तियो, दात कधी साफ करून घेतलेत?"

"शुक्रवारी!" तियोंची छाती फुगली. "फॉल रिव्हरला गेलो, बसनं. एक तास नुसतं खरवडत होता तो माणूस. चांगले झालेत ना?"

दिल्माच्या हातातला कापूस खाली पडला. "तियो! मी सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून? जसे आहात तसे या म्हटलं होतं!"

"अगं, ते तू लाजेपोटी म्हणालीस असं वाटलं मला. पोरगी सगळ्या कॉलेजासमोर माझं तोंड उघडणार, आणि आत काय, ते तसलं? लोक काय म्हणाले असते? रेझेंदेसांच्या घरात पाणी येत नाही का?"

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली. दिल्मा चाकांच्या स्टुलावर बसली. ती रडली नाही. कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्या बाया अशा जागी रडत नाहीत. तिनं हातमोजे नीट ताणून घेतले, जणू अजून काम व्हायचंच आहे.

तियोंचा चेहरा हळूहळू उतरला. "काय चुकलं माझं?"



दिल्मा इदालिनाच्या जवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "मिस, किटण किती ते तुम्हीच लिहिता. तुम्ही जास्त लिहिलंत तर? मिसेस हॅझलटन प्रत्येक तोंड बघत नाहीत."

हे खरं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि दिल्मा हाताची चांगली होती. सत्रभर इदालिनानं पाहिलं होतं. पण जड तोंड तिनं अजून एकदाही केलेलं नव्हतं. आज ती सुटेल, आणि कुठल्यातरी दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हातारा असं तोंड घेऊन बसेल. त्या दिवशी तिच्या मागं उभं राहायला कुणी नसेल.

"नाही, दिल्मा."

दिल्मानं मान हलवली. हे उत्तर तिला ठाऊकच असावं.

"पण हत्यारं मांडून ठेव. खुर्ची कुणाला देऊ नकोस," इदालिना म्हणाली आणि तियोंकडे वळली. "उठा. तुमचे मित्र आत्ता कुठं असतील?"

"कुठं म्हणजे? क्लबात. पत्ते."

"चला मग."

दाराशी मिसेस हॅझलटन उभ्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. तियोंचे दात त्यांनी लांबूनच पाहिले होते.

"दोनपर्यंत, इदालिना. त्यानंतर बसवलेला पेशंट पुरा होत नाही, आणि मी अपूर्ण काम धरत नाही."

"हो, मिसेस हॅझलटन."

"मार्गरेट म्हण आता. आपण एकाच टेबलावर जेवतो."

"हो, मिसेस हॅझलटन."

गाडी नेहमीप्रमाणे लांबच्या मैदानात होती. खडीवरून धावताना इदालिनानं स्वतःला एक शिवी दिली. मागून तियो टाय उडवत येत होते.

क्लबात वाइनचा आणि तळलेल्या लिंग्विसा सॉसेजचा वास भरून होता. खिडकीजवळच्या टेबलावर चौघे जण सुएका खेळत होते, दोन-दोनच्या जोडीनं, आणि पानं टेबलावर अशी आपटत होते की पेले हलावेत. त्यातला भिंतीकडे पाठ करून बसलेला माणूस इदालिनाचा बाप होता. ग्वाल्तेर फुर्तादो. तिनं त्याला पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

तियोंनी सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं आपलं पाप कबूल केलं. क्लब खदखदून हसला.

"झेफेरिनो, आयुष्यात एकदा अंघोळ केलीस, तीही चुकीच्या दिवशी!" म्हातारा आमान्सिओ म्हणाला.

"हसू नका. पोरीचं वर्ष जातंय. कुणाचे दात घाण आहेत ते बोला."

"माझे घ्या की." आमान्सिओनं खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून टेबलावर ठेवली. "संध्याकाळपर्यंत परत आणा म्हणजे झालं. आज मटण आहे."

सिल्व्हेरिओ उत्साहानं उठला, कोटही घातला, मग त्यानं विचारलं, "सुई असते का?"

"लागली तर," इदालिना म्हणाली.

सिल्व्हेरिओ कोटासकट खाली बसला.

इदालिना एकेकाला विचारत टेबलाभोवती फिरली. बापाला तिनं विचारलं नाही. विद्यार्थिनी असताना तिनं तीनदा विचारलं होतं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला होता, उद्या पहाटे बोट निघणार आहे, जमणार नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना तिनं धक्क्यावर ती बोट पाहिली, इंजिन काढून ठेवलेली. तेव्हा एका बेकरीवाल्या बाईच्या भावानं तिचं काम निभावलं. बापलेकीत त्या बोटीचा विषय कधी निघाला नाही.

ग्वाल्तेर आपल्या पानांकडे पाहत बसला होता. खेळायची पाळी त्याचीच होती. मग त्यानं हातातली सगळी पानं उघडी करून टेबलावर ठेवली.

"अरे, हे काय!" त्याचा जोडीदार किंचाळला. "एक्का आहे तुझ्याकडे! जिंकत होतो आपण!"

"डाव सोडला," ग्वाल्तेर म्हणाला आणि टोपी घेऊन उभा राहिला. "चल."

"पापा, तुम्हाला कुणी आग्रह करत नाहीये."

"ऐकलं मी. चल."

गाडीत तो पुढं बसला, तियो मागं. पूल मागं पडला. घरांच्या कुंपणांवरून लायलॅकचे झुबके रस्त्याकडे झुकले होते.

"दुखतं?" त्यानं विचारलं.

"थोडंसं. हात वर केलात की थांबतात."

"तूच करणार ना?"

"नाही, दिल्मा करणार. मला तपासतासुद्धा येणार नाही, मी तुमची मुलगी ना."

"मग तू काय करणार?"

"तुमची टोपी धरीन."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या वेळी," तो समोर पाहत म्हणाला, "मला वाटलं होतं, तू माझं तोंड उघडशील आणि तुला माझी कीव येईल."

मागच्या सीटवरून तियो म्हणाले, "म्हणून तर मी शुक्रवारी..."

"तू गप्प बस, झेफेरिनो."

दोनला थोडाच अवकाश असताना ग्वाल्तेर सहा नंबरच्या खुर्चीत बसला. रक्तदाब पहिल्यांदा इतका जास्त आला की दिल्माचे ओठ पांढरे पडले; असं आलं तर पेशंट घरी पाठवतात. मिसेस हॅझलटन यांनी त्याला पाणी दिलं आणि शिंपल्यांचा भाव काय चाललाय ते विचारलं. भाव सांगता सांगता तो मालकांवर घसरला, मग शांत झाला. दुसऱ्यांदा आकडा खाली आला. मग त्यांनी स्वतः आरसा घेतला आणि बराच वेळ आत पाहिलं.

"जड," त्या म्हणाल्या. "मिस्टर फुर्तादो, तुम्ही हे सगळं इतकी वर्षं जपून ठेवलंत याबद्दल कॉलेज तुमचं आभारी आहे."

ग्वाल्तेरला हसावं की चिडावं कळेना. तोंड उघडं असल्यामुळं त्यानं दोन्ही केलं नाही.

दिल्मा कामाला लागली. पहिल्या पाच-दहा मिनिटांत किटण खरवडायचा स्केलर दोनदा घसरला. ग्वाल्तेरचा हात वर गेला, ती थांबली, माफी मागितली, पुन्हा लागली. मग तिनं कोपर अंगाशी घेतला, बोट शेजारच्या दातावर टेकवलं, आणि टक्‌ असा आवाज आला. किटणाचा तपकिरी खडा ट्रेमध्ये पडला. त्यानंतर आवाज येतच राहिले. कारखान्यात सुरी हाडाच्या कडेनं चालवताना हात जसा स्वतःच वाट काढतो, तसा तो हात आता चालत होता.

इदालिना मागं उभी होती, टोपी छातीशी धरून. शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या काठाशी एक कपचा राहिलेला तिला दिसला. दिल्मा पुढच्या दाताकडे सरकली. इदालिनानं ओठ घट्ट मिटले. हे तोंड तिच्या अखत्यारीत नव्हतं. तिनं टोपीची कड मुठीत दाबली.

दिल्मानं अर्धी बाजू पुरी केली. पाण्यानं धुतली. मग बारीक सळई घेऊन ती पुन्हा मागून सुरुवात करत आली, डोळे जवळजवळ मिटून, नुसत्या बोटांनी ऐकत. शेवटच्या दाढेपाशी तिची बोटं थांबली. ती मागं गेली, पुन्हा आली. "आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि स्केलर बदलला.

इदालिनानं टोपीवरची मूठ सैल केली.

मिसेस हॅझलटन यांनी तपासलं. त्यांना नेहमीच वेळ लागायचा. आज जरा जास्तच लागला. "पुरं," त्या म्हणाल्या, आणि आरसा ट्रेमध्ये ठेवला. दिल्मा "थँक यू" पुटपुटली. तियोंनी मात्र सबंध क्लिनिकाला पुरेल एवढ्या टाळ्या वाजवल्या.

ग्वाल्तेर बेसिनपाशी चूळ भरून उभा होता. जीभ दातांमागून फिरवत होता, पुन्हा पुन्हा. "इथून वारा येतोय."

"येतो," तियो जाणकारासारखे म्हणाले. "दोन दिवस येतो. कॉफी गार पिऊ नकोस."

"आणि ही दुसरी बाजू?"

"ती आता सप्टेंबरात," इदालिना म्हणाली. "नव्या मुली येतील. त्यांनाही असं तोंड लागेलच. जपून ठेवा."

"नव्या मुली म्हणजे पुन्हा थरथरणारे हात."

"हो."

त्यानं आरशात पाहिलं. ओठ वर करून, एखाद्या लहान मुलासारखं. एक बाजू पांढुरकी, दुसरी तशीच काळपट. "तू असशील का तेव्हा?"

चार पावलांवर मिसेस हॅझलटन हत्यारं मोजत होत्या. त्यांचे हात थांबले, पण त्यांनी मान वळवली नाही.

"असेन, पापा."

हत्यारांचा किणकिणाट पुन्हा सुरू झाला. इदालिनानं टोपी बापाच्या हातात दिली, कड चुरगळली होती ती सरळ करून. मग त्याला आणि तियोंना क्लबात सोडायला निघाली. गाडी कुठं लावलीय ते विचारल्यावर तिनं लांबच्या मैदानाकडे बोट दाखवलं, आणि ग्वाल्तेर म्हणाला, "एवढ्या लांब? मास्तरीणबाईंना जवळ जागा देत नाहीत का?" आणि इतका मोठ्यानं हसला की समोरून येणाऱ्या दोन पोरींना त्याचं अर्धं पांढुरकं, अर्धं काळपट तोंड लख्ख दिसलं. त्यातली एक, पुढच्या वर्षी क्लिनिकात येणारी, थबकली आणि दुसरीच्या कानाशी लागली.