बोरकर मॅडमचा आवाज

आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन, तर शैलजा बोरकर मॅडमचा. त्या गेल्याचं कळलं ते मिश्राजींच्या फोनवरून. 'मैडम नहीं रहीं, यार,' एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

लखनौच्या औषध डेपोत मी लागलो, तेव्हा मॅडम तिथं मॅनेजर होत्या आणि मिश्राजी माझे सीनियर. मी अहमदपूरच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. मॅनेजर मराठी आहेत म्हटल्यावर केवढा धीर आला! महानगर नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या घरी मराठीत गप्पा आणि साबुदाण्याची खिचडी मिळायची. ऑफिसात मात्र त्या माझ्याशी हिंदीतच बोलत.

एका दुपारी गाडीतून उतरवलेली इन्सुलिनची खोकी फ्रिजबाहेर राहिली आणि सगळा माल वाया गेला. मिश्राजींनी सर्वांदेखत माझं नाव घेतलं. मी अजून प्रोबेशनवर. नोकरी गेलीच असं धरून मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो, दार लोटलं. 'मॅडम, तुम्हीच सांभाळून घ्या.' त्यांनी उठून दार उघडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ऑफिसात मराठीत बोलल्या. 'इथं मिटवलं तर बाहेर म्हणतील, गाववाल्याने रडून दाखवलं, मॅडम विरघळल्या. चल, सगळ्यांसमोर बोलू.'

बाहेर त्यांनी विचारलं, 'मिश्रा जी, गाड़ी आई तब ये कहाँ था?' मिश्राजी हसले. 'मैडम, आप तो इमोशनल हो रही हैं. अपना लड़का है न.' तेव्हा मॅडमचा आवाज असा चढला, की फाटकावरचे हमाल आत डोकावले. 'सीधा जवाब दीजिए! इसे गेट पर किसने भेजा था?'

'…मैंने.'

'और माल किसके जिम्मे था?'

'मेरे.'

'बस. अब चाय पीते हैं.' आणि खरंच प्यायल्या, मिश्राजींसोबत. पुढे वरच्या साहेबांशी भांडून त्यांचीही नोकरी वाचवली.

पुढे कितीतरी दिवस डेपोत एकच चर्चा, 'उस दिन मैडम भड़क गईं.' आधीचे साहेब फायली भिरकावत. त्यांना हेच लोक 'कड़क अफ़सर' म्हणत. मी मॅडमना हे सांगितलं. 'हळू बोलले तर म्हणतात, मॅडमना जमत नाही,' त्या म्हणाल्या. 'त्यांना काय वाटेल ते ठरवत बसले, तर भांडण कधी मिटवू रे?'

नोकरी कायम झाल्यावर गावाहून मी त्यांना पत्र पाठवलं होतं…

'आदरणीय मॅडम, काल पेढे घेऊन घरी पोचलो. आईने विचारलं, साहेब कसे आहेत? म्हटलं, साहेब नाहीत, बाई आहेत. "म्हणजे ओरडत नसतील." म्हटलं, वेळ आली की पुरुषांवरसुद्धा ओरडतात. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "आणि तरी कामावर ठेवलंय त्यांना?" मी हो म्हणालो. ती कितीतरी वेळ नुसती हसत होती. सोबत ज्येष्ठमधाची पुडी आहे, तिनेच दिलीय. म्हणाली, त्यांचा आवाज बसता कामा नये.'