पिल्लावरची मरळ

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाय. जिला सांगायचं होतं, ती माझी सुंदरा गेल्या हिवाळ्यात गेली. आता तुमाला सांगून काय उपेग? तरी सांगतो.

आमच्या तळ्यात मरळ मासा लई. पावसाळ्यात अंडी फुटली की पिल्लांचा तांबडा घोळका पाण्यावर तरंगतो, अन् खाली आई राखण करती. त्या घोळक्यात गळाला बेडूक लावून टाकलं की ती झडप घालतीच — भुकंनं न्हाय, रागानं. म्हणून गावाची रीत, पिल्लावरची मरळ धरायची न्हाय. शेंबड्या पोरालाबी ठाऊक.

म्या धरली. का? रोज रिकाम्या हातानं यायचो, पारावरची माणसं हसायची. एवढंच. थू!

सुंदरा तळ्यावर धुणं धुवायला गेलती. राखणीविना पडलेली पिल्लं दुसरे मासे गिळताना तिनं बघितली. आमची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली — काय वाटलं असंल तिला? घरी आली तर पाटीत मरळ.

"कुणी धरली ही?"

म्या म्हनलो, "तुझ्या किसननं दिली."

किसन तिचा धाकटा भाऊ. आई मेल्यावर हिनंच कडेवर वाढवलेला, आमच्याच गावात राहायचा. सांजच्याला आला, "अक्का, च्या टाक" म्हणत. तिनं मरळ त्याच्या पायाशी फेकली.

"ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नगंस!"

त्यानं मरळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. समजला. अन् गप निघून गेला. मला त्याचाच राग आला — बोलला का न्हाईस, भाड्या? अन् माझ्या तोंडात काय माती भरलीती?

भाऊबीजेला भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळती. माझी बायको, भाऊ दोन गल्ल्या पलीकडं असताना, दरसाल चंद्राला ओवाळायची. अन् म्या ओट्यावर बसून तंबाखू चोळायचो. बघत.

सुवासिनी गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालत्यात. सुंदरा गेली तवा किसननं मुरुम गावच्या बाजारातनं हिरवी साडी आणली. दारात आला, पण उंबरा वलांडला न्हाय. बाहेरूनच हात लांब केले. तिथनं बहिणीचं तोंडबी दिसत नव्हतं.

'आत ये' — दोन शब्द. माणसं जमलेली. 'इतकी वर्सं का येत नव्हता?' असं कुणी इचारलं असतं तर?

म्या साडी घेतली अन् पाठ फिरवली.